दिवाळी ते पाऊस: खाडीत जुनं सीगल मशीन वापरल्यानंतर

जुनं आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे लावायचं इंजिन, सुरू झालं नाही की आपल्याकडे पहिला हात कार्ब्युरेटरला जातो. जेट काढ, फुंकर मार, परत बसव, पुन्हा दोरी ओढ. दिवाळीपासून मेअखेरपर्यंत मालवणजवळच्या कर्ली खाडीत ब्रिटिश सीगल कंपनीचं जुनं मशीन चालवलं आणि माझं मत पक्कं झालं: किनाऱ्यावरच्या दमट हवेत आधी करंट, म्हणजे प्लगची ठिणगी बघायची, पेट्रोल नंतर.

आधी मशीनबद्दल. ही मशीनं इंग्लंडात १९३०च्या दशकात बनायला लागली, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलानं वापरली आणि १९९०च्या दशकात बंद झाली. माझं फॉर्टी मालिकेतलं आहे. ६४ सीसी, एक सिलिंडर, टू-स्ट्रोक, नंबरावरून १९६०च्या दशकातलं. टाकी पितळी. बॅटरी नाही, आपोआप गुंडाळणारी दोरी नाही आणि न्यूट्रलही नाही. फ्लायव्हीलच्या (वरच्या जड चाकाच्या) खाचेत दोरीची गाठ अडकवायची, वेढे द्यायचे आणि ओढायचं. पेटलं की त्याच क्षणी पाण्यातला पंखा फिरतो. म्हणून दोरी ओढण्याआधी होडीचं नाक मोकळ्या पाण्याकडे हवं आणि आपल्या कोपराच्या मागे कोणी बसलेलं नको.

वेगाची अपेक्षा ठेवू नका. पण पंखा मोठा आणि संथ फिरणारा आहे, त्यामुळे भरलेली होडीसुद्धा सुकतीच्या (ओहोटीच्या) विरुद्ध देवबागच्या बाजूनं वर चढते. पंख्यामागे जाड स्प्रिंग आहे. चिखलात किंवा दगडाला पंखा अडला तर धक्का ती खाते. गळ टाकायला, तांबोशी माशाच्या मागे कांदळवनाच्या कडेकडेनं फिरायला यापेक्षा बरं छोटं मशीन मी वापरलेलं नाही.

आता सुरू न होण्याबद्दल. दोरी चार-सहा वेळा ओढूनही पेटलं नाही तर ओढत बसू नका, प्लग काढा. प्लग ओला आणि पेट्रोलचा वास येतोय, म्हणजे पेट्रोल पोचतंय, करंट नाही किंवा मशीन ओव्हर झालंय, म्हणजे आत जास्त पेट्रोल साचलंय. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल अडलंय. एवढ्या एका गोष्टीनं अर्धं काम होतं. मालवण बंदरावरच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांनी मला पहिल्याच भेटीत बजावलं होतं, "कार्ब्युरेटराक हात लावू नको. पयली ठिणगी बघ." ते वाक्य पुढे प्रत्येक वेळी कामाला आलं.

ठिणगी बघताना पेट्रोलचा कॉक बंद करा, सांडलेलं पुसा आणि प्लगच्या भोकापासून लांब, पण धातूला नीट टेकवून प्लग धरा. हातानं नको, रबरी मुठीच्या पक्कडीनं. ठिणगी निळी आणि टकटकीत हवी. पिवळट, बारीक असेल तर सिलिंडरमधल्या दाबाखाली ती विझणारच. बॅटरीशिवाय करंट तयार करणाऱ्या मॅग्नेटोची गंमत अशी की ठिणगीचा जोर फ्लायव्हीलच्या वेगावर असतो. अर्धवट ओढली तर चांगलं मशीनही पेटणार नाही. पाय रोवून, पूर्ण दोरी, एका दमात.

डिसेंबर-जानेवारीत काही त्रास नव्हता. मार्चनंतर हवा जड झाली आणि आठवडाभर उभं राहिलं की मशीन सकाळी रुसायला लागलं. फ्लायव्हीलवरचं झाकण काढलं की खिडकीतून पॉइंट, म्हणजे ठिणगीसाठी उघडझाप करणारे संपर्क, दिसतात. त्यांच्यावर पांढुरकी साय धरलेली असायची. बारीक पॉलिश पेपर एकदा फिरवायचा, मग स्वच्छ कोरडा पुठ्ठा पॉइंटमध्ये धरून ओढायचा. पुठ्ठ्यावर काळी रेघ येईनाशी होईपर्यंत. पेपरची कच आत राहिली तर सगळं व्यर्थ. गॅप अर्धा मिलिमीटर, प्लगचाही तेवढाच. फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) घरी नसेल तर घ्याच, नखानं अंदाज घेणं सोडा.

खरा चकवा वेगळाच निघाला. मशीन थंड असताना पहिल्या-दुसऱ्या ओढीत सुरू व्हायचं, अर्धा तास झकास चालायचं. मध्ये गळ टाकायला बंद केलं की परत पेटायचं नाही. तासाभरानं काही न करता पुन्हा सुरू. पेट्रोलचा दोष असता तर तो गरम-थंड बघून आला नसता. गरम असताना प्लग काढला, ओला. ठिणगी बघितली, नाहीच. म्हणजे गरम झाल्यावर पॉइंटला जोडलेला कंडेन्सर किंवा ठिणगीचा करंट बनवणारी कॉइल हात टेकत होती. पॉइंटची तोंडं जळून खडबडीत झाली होती, ती कंडेन्सरची खूण. कंडेन्सर आधी बदलायचा, कारण तो स्वस्त आणि कॉइल महाग. पॉइंटवाल्या जुन्या दुचाकीचा, साधारण ०.२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर चालतो, फक्त बसवायला पट्टी आणि पक्की अर्थिंग लागते. शहरातल्या एका दुकानातून आणलेला पहिला नवा कंडेन्सर दोन फेऱ्यांत गेला, दुसरा टिकला. नवीन सुटा भाग म्हणजे चांगला सुटा भाग, असं धरून चालू नका.

तरीही ठिणगी थोडी मार खात होती. मिस्त्रीकाका म्हणाले, "राती काळोखात दोरी ओढून बघ." रात्री पडवीतला दिवा घालवला आणि मुलाला दोरी ओढायला लावली. प्लगच्या वायरीवरून, जिथे ती सिलिंडरच्या अंगाला घासते तिथे, निळे धागे सरपटताना दिसले. वायरीवर खारट हवेचा चिकट थर होता आणि आत बारीक चीर. करंट प्लगपर्यंत जाण्याआधीच वाटेत उतरत होता. दिवसा हे जन्मात दिसलं नसतं. वायर बदलली आणि गरम असताना न पेटण्याचा उरलासुरला त्रासही गेला. दमट हवेत कोणाचंही जुनं मशीन नखरे करत असेल तर ही परीक्षा जरूर करा, मात्र टाकी बाजूला काढून आणि जागा हवेशीर ठेवून.

पेट्रोलबद्दल थोडक्यात. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना ते बघा, नाहीतर थोडं चालून मशीन दम टाकतं. कॉकमध्ये बुचाची सील असते, ती सुकली तर गळते. सध्याच्या इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलला ओलावा ओढायची खोड आहे. महिनाभर पडून राहिलेलं पेट्रोल काचेच्या बाटलीत ओतून बघा, तळाला पाण्याचे मणी दिसू शकतात. या जुन्या मॉडेलना दहास एक, म्हणजे लिटरला १०० मिली ऑइल लागतं. पेट्रोल उडून गेलं की ते ऑइल कार्ब्युरेटरच्या वाटीत डिंकासारखं बसतं. म्हणून घरी परतताना मी कॉक आधी बंद करतो आणि वाटी रिकामी होऊन मशीन आपोआप बंद पडू देतो. ओव्हर झालंच तर कॉक बंद, प्लग बाहेर, दोन-चार ओढी, प्लग पुसून परत. पण एवढं ऑइल जाळल्यावर पाण्यावर तवंग येतो, धूर येतो. मला ते खुपतं, आणि कांदळवनात मशीन बंद करून मी वल्ह्यांनीच जातो. वल्ही आणि लाइफ जॅकेट होडीत असतातच.

गियरबॉक्सचं ऑइल दुधी झालेलं दिसलं तर घाबरू नका. तिथे पूर्ण बंद सील नाही, थोडं पाणी शिरतंच. १४० नंबरचं ऑइल बदलत राहायचं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर गोड्या पाण्याच्या पिंपात चालवणं मात्र चुकवू नका.

कोणी असं मशीन घ्यायला निघालं असेल तर मालकाला सांगा, मी येईपर्यंत सुरू करू नका. थंड असताना आपल्यासमोर पेटवायला लावा, पिंपात वीस मिनिटं चालवा, बंद करा, लगेच पुन्हा दोरी ओढा. गरम पेटलं तर निर्धास्त घ्या. नाही पेटलं तर कंडेन्सर, वायर आणि कॉइलचे पैसे भावातून कापा, पण सिलिंडरचा दाब चांगला असेल तर तेवढ्यासाठी मशीन सोडू नका.