बाबांचा सीआरटी पेसमेकर: आमचा अनुभव

बाबांचं ईएफ (डावा खालचा कप्पा दर ठोक्याला त्यातलं किती रक्त बाहेर टाकतो ते) २८ टक्के, ईसीजीत एलबीबीबी (डाव्या कप्प्याकडे विद्युत संदेश उशिरा पोचणं), क्यूआरएस (खालच्या कप्प्यांत तो संदेश पसरायला लागणारा वेळ) १६० मिलिसेकंद. औषधं नियमित चालू असूनही न्हाणीघरापर्यंत जाताना धाप लागायची. म्हणून सीआरटी (हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांचा ताल जुळवणारा पेसमेकर) बसवलं. साध्या पेसमेकरला एक किंवा दोन तारा असतात, याला बहुतेक वेळा तीन. तिसरी तार हृदयाच्या शिरेतून डाव्या कप्प्याच्या बाहेरच्या बाजूला नेतात, म्हणजे खालचे दोन्ही कप्पे एकदमच आकुंचन पावतात. बाबांना पूर्ण भूल लागली नाही.

मला सगळ्यात आवडली ती तपासणीची सोय. बाबा डाव्या कुशीवर झोपले की बरगड्यांखाली उचकीसारखा ठोका उडायचा, शर्टावरूनही दिसायचा. तिसऱ्या तारेमुळे श्वासपटलाची नस चाळवत होती. तंत्रज्ञ मुलीनं छातीवर यंत्र टेकवलं, "काका, आता वळा बरं," म्हणत एकेक सेटिंग बदललं आणि उडणं थांबलं. पुन्हा चिरफाड नाही! आता बाबा जिना चढतात, मध्ये एकदाच थांबतात.

राग एकाच गोष्टीचा. नुसतं पेसमेकरचं काम करणारं सीआरटी-पी आणि ठोके जीवघेणे बिघडले तर शॉकही देणारं, बरंच महाग सीआरटी-डी यातला फरक रुग्णालयानं आम्हाला धड समजावलाच नाही. सही करण्याआधी तो विचाराच, आणि क्यूआरएस किती तेही विचारा. १५० च्या वर आणि एलबीबीबी असेल तर फायद्याची शक्यता जास्त. तरी साधारण तिघांतल्या एकाला म्हणावा तसा फरक पडत नाही, हेही आधीच ऐकून घ्या.