गणपतीआधी गडद करडी भिंत रंगवताना होणारी फसवणूक

गणपतीच्या तोंडावर कोकणात रंगाची कामं बहुतेक फोनवरच ठरतात. घरमालक मुंबईत, किल्ली शेजारी, अर्धे पैसे आगाऊ. ओटीवरची टीव्हीमागची भिंत कोळशासारखी गडद करडी हवी; मटेरियलसकट, प्रायमर आणि प्लास्टिक पेंटचे दोन हात, असं बोलणं होतं. व्हॉट्सॲपवर फोटो येतो, भिंत झकास दिसते, उरलेले पैसे जातात. दिवाळीत घरी आल्यावर भिंतीला खांदा टेकला की शर्ट काळा होतो, आणि जमिनीलगत पांढरा खार फुटलेला असतो.

प्लास्टिक पेंटऐवजी तिथे साधा पांढरा डिस्टेंपर (स्वस्तातला, कच्चा रंग) असतो आणि त्यात बाटलीतला काळा स्टेनर, म्हणजे छटा देणारं घट्ट रंगद्रव्य, ओतलेलं असतं. पांढऱ्याला एवढं गडद करायचं तर स्टेनर मर्यादेच्या कितीतरी बाहेर घालावा लागतो. तेवढं रंगद्रव्य धरून ठेवण्याची ताकद डिस्टेंपरमध्ये नसते, म्हणून ते हाताला लागतं. पण हे मिश्रण एकाच हातात भिंत झाकतं, आणि मालक तिथेच फसतो. खरी कोळशी छटा दुकानातल्या टिंटिंग मशीनवर, गडद रंगांसाठीच्या बेसमध्ये (ज्यात छटा मिसळतात तो मूळ रंग) बनते. त्यात भिंत झाकणारं पांढरं टायटॅनियम डायऑक्साइड कमी असल्याने पहिला हात डागाळ दिसतो. दोन, कधी तीन हात लागतात. ‘एका हातात झाकली’ हे ऐकलं की कौतुक न करता डबा बघायला मागा.

डबा उघडण्याआधीच फोटो मागवा: बेसचं नाव, झाकणावरची छटेच्या नंबराची चिठ्ठी आणि तारीख त्यात वाचता आली पाहिजे. बिलावरही तोच माल हवा. काम झाल्यावर आठवड्याने ओलं पांढरं फडकं दहा-पंधरा वेळा हलक्या हाताने घासा. नव्या गडद रंगाची किंचित झाक फडक्यावर येऊ शकते. खालची पुट्टी दिसू लागली तर तो डिस्टेंपर समजा. निदान पाव रक्कम तोवर हातात ठेवा.

मोजमापातही चोरी होते: दारं-खिडक्यांचेही पैसे लावले जातात. 10 बाय 12 ची, 10 फूट उंचीची खोली म्हणजे भिंती 440 चौरस फूट. 3 बाय 7 चा दरवाजा आणि 4 बाय 4 च्या दोन खिडक्या वजा केल्या की उरतात 387. दर ठरवतानाच ही वजाबाकी लिहून घ्या.

ओलीचा मामला सगळ्यात वाईट. चिऱ्याची (जांभ्या दगडाची) भिंत पावसाळाभर पाणी धरते. सुकताना ते पाणी क्षार पृष्ठभागावर आणतं. पांढऱ्या भिंतीवर ते लपतात, कोळशी भिंतीवर लांबून दिसतात. दीड फुटाचा प्लास्टिकचा चौकोन चारही कडांनी टेपने चिकटवून एक दिवस ठेवा. आत थेंब जमले तर रंग लावू नका. अशा वेळी आतून वॉटरप्रूफचा हात मारून देतो म्हणत जादा पैसे मागितले जातात. देऊ नका: ओल बाहेरून किंवा घराच्या पायातून येत असेल तर तो थरही पोपड्यासकट सुटतो. गणपतीला भिंत पांढरीच राहू दे, गडद रंग पाऊस सरून भिंत वाळल्यावर लावा.

उरलेला रंग डब्यासकट मागून घ्या. मॅट गडद भिंतीवर ठिगळ लपत नाही, दुरुस्ती कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंतच करावी लागते.