बॉयलर 75 अंशांवरून 55 वर आणला, त्यानंतरचे पाच महिने

इंग्लंडमधल्या लीड्सचं आमचं घर 1930 च्या दशकातलं. गॅसवरचा कॉम्बी बॉयलर, म्हणजे टाकीशिवाय नळाचं पाणी आणि घर दोन्ही तापवणारा, आणि त्याचं गरम पाणी फिरवून खोल्या तापवणारे नऊ रेडिएटर. गेल्या हिवाळ्यापर्यंत आमची रीत एकच, थंडी वाजली की थर्मोस्टॅट वर. हॉलमध्ये अंगातला स्वेटर काढावा लागायचा आणि मागच्या बेडरूममध्ये साताऱ्याहून आलेली आई शालीवर गोधडी घेऊन बसायची. "अरे, एवढं बिल भरतोस, मग ही पेटी तापत का नाही?"

पेटी म्हणजे रेडिएटर. हात लावून बघितला तर वर गरम, खाली गार. उलट असतं, म्हणजे वर गार असता, तर आत हवा अडकलेली. चावीने अर्धा आटा सैल केला की फुस्स आवाज येतो, पाणी यायला लागलं की बंद. हे मी दरवर्षी करतो. पण खाली गार म्हणजे गाळ. दुरुस्तीला आलेल्या पहिल्या माणसाने न बघताच बॉयलर बदलायला सांगितलं. दुसऱ्याने रेडिएटर उचलून अंगणात नेला आणि नळीने धुतला. काजळी कालवावी तसं काळं पाणी बराच वेळ येत होतं. तो सगळा आतून गंजलेल्या लोखंडाचा गाळ. मग परतीच्या पाइपवर चुंबकाचा फिल्टर बसवला, पाण्यात गंजरोधक घातलं.

तरी ती खोली मागेच. कारण गावाकडच्या कालव्यासारखं आहे, तोंडाशी असलेले भरपूर पाणी ओढतात आणि टेलला पोचतच नाही. हॉलच्या रेडिएटरचा लॉकशील्ड व्हॉल्व्ह (त्यातून किती पाणी जाईल ते ठरवणारा) थोडा थोडा आवळत, दोन रविवार घालवून, सगळे सारखे तापवले. कंटाळवाणं काम आहे, पण सगळ्यात जास्त फरक यानेच पडला.

मग बॉयलरमधून निघणाऱ्या पाण्याचं तापमान 75 वरून 55 अंशांवर आणलं. आमच्यासारख्या कंडेन्सिंग बॉयलरमध्ये परतीचं पाणी साधारण 55 च्या खाली असेल तरच धुरातल्या वाफेचं पाणी होतं आणि तिची उष्णता परत मिळते. नाहीतर ती बाहेर जाते. (गरम पाण्याची टाकी असलेल्या घरात हे असं सरसकट करू नका, टाकीतलं पाणी 60 पर्यंत तापायला हवं.)

तोटे आहेतच. घर तापायला आता दुप्पट वेळ लागतो, म्हणून हीटिंग पहाटे पाचलाच सुरू होतं. हवा काढली की पाण्याचं प्रेशर उतरतं, ते गार असताना 1 ते 1.5 बारवर परत आणावं लागतं. आणि जानेवारीत एका सकाळी बॉयलर गुडगुडून बंदच पडला. वाफेचं झालेलं पाणी (कंडेन्सेट) बाहेर सोडणारा बारीक पाइप गोठला होता. उकळतं नाही, कोमट पाणी तांब्याने ओतत राहिलो, अर्ध्या तासाने सुटला. त्याच दिवशी पाइपला फोमचं वेष्टण घातलं. बॉयलरच्या आतलं काही मात्र स्वतः उघडत नाही, त्याला गॅस सेफची (गॅसचं काम करणाऱ्यांची इथली अधिकृत यादी) नोंदणी असलेलाच माणूस लागतो.

गॅस गेल्या वर्षीपेक्षा साधारण दहावा हिस्सा कमी लागला. थंडीही जरा कमी होती, तेव्हा सगळं श्रेय 55 ला देत नाही. आईची खोली आता 19 अंशांवर टिकते. फक्त ती गोधडी रोज रेडिएटरवर वाळत घालते आणि दुपारी मला विचारते, आज खोली गार कशी?