रान, तळे की सडा: घरच्यांना घेऊन चालायला कुठे जावे?

पावसाचा जोर ओसरला, की आमच्याकडे गोव्यात एक प्रश्न हमखास येतो. कुणाचा भाऊ मुंबईहून आलेला असतो, कुणाच्या मुलांना गणेश चवथीची सुटी असते, आणि घरातल्या लहानथोरांना घेऊन सकाळचे दोन-तीन तास कुठेतरी चालून यायचे असते. मग रानात जावे, तळ्यावर जावे की सड्यावर, म्हणजे गावाच्या डोक्यावरच्या जांभ्याच्या पठारावर, असे मला विचारले जाते. गेली सहा वर्षे मी पत्नी, दोन मुले आणि आता सत्तरीला टेकलेली आई यांना घेऊन या तिन्ही ठिकाणी आलटून पालटून गेलो आहे. इथे लिहितो ते त्या अनुभवापुरते आहे. ज्यांची मुले मोठी झाली आहेत किंवा जे एकटेच फिरतात, त्यांचे उत्तर कदाचित वेगळे येईल.

रानाचे आकर्षण वेगळे सांगायला नको. बोंडला हे जेमतेम आठ चौरस किलोमीटरचे, लहानसे अभयारण्य. मुलांना रानाची पहिली ओळख तिथेच करून द्यावी. आत प्राणिसंग्रहालय असल्यामुळे रानात काही दिसले नाही म्हणून कुणी हिरमुसून परत येत नाही. गुरुवारी ते बंद असते, एवढे मात्र लक्षात ठेवावे. खरे चालणे हवे असेल तर काणकोणातले खोतीगाव गाठावे. तिथे लहान-मोठ्या पायवाटा आखून दिलेल्या आहेत, माट्टी आणि किंदळाच्या उंच झाडांखाली दहा वाजेपर्यंत उन्हाचा त्रास होत नाही, आणि सावलीच्या बाबतीत सडा किंवा तळे यांची रानाशी बरोबरीच होऊ शकत नाही. पावसाळ्यात जळवा लागतात, पण मीठ किंवा तंबाखूचे पाणी मोज्यांवर लावले की निभावते; माझ्या मुलांना तर त्यांचे आता अप्रूपही राहिलेले नाही. सत्तरी तालुक्याच्या बाजूला जाणाऱ्यांनी तेवढी जास्त काळजी घ्यावी, कारण तिथे माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत आणि तो गोचिडीमार्फत पसरतो. थंडी सरताना आणि उन्हाळ्यात तिथल्या पाचोळ्यावर मी मुलांना बसू देत नाही.

असे असूनही रानाबद्दल माझे मत हळूहळू बदलत गेले, आणि ते जळवांमुळे किंवा गोचिडींमुळे बदलले नाही. रानातली वाट एका माणसापुरती असते, हे त्याचे कारण. चौघे-पाचजण चालू लागलो की आपोआप रांग होते. मुलगा पुढे धावतो, त्याच्यावर डोळा ठेवायला मी त्याच्यामागे, मग मुलीचा हात धरून पत्नी, आणि सर्वांत मागे आई. मुलगा काही विचारतो ते मागच्यांना ऐकू येत नाही. आईला एखादे झाड पाहून तिच्या माहेरची गोष्ट आठवते, ती तिच्यापुरतीच राहते. दोन तास बरोबर चालूनही आम्ही एकमेकांच्या पाठीच पाहत असतो, आणि मी सारखा मान वळवून माणसे मोजत असतो.

तीन वर्षांपूर्वी नोव्हेंबरमध्ये खोतीगावला एका वळणानंतर मी अशीच माणसे मोजली, तर आई नव्हती. पत्नीला वाटत होते ती मागेच आहे, कारण थोड्या वेळापूर्वी तिच्या छत्रीचे टोक दगडावर आपटल्याचा आवाज तिने ऐकला होता. मुलांना तिथेच थांबवून मी परत गेलो. सहा-सात मिनिटेच गेली असतील, पण झाडीत काहीच दिसत नसल्यामुळे तेवढ्यात मनात नको नको ते येऊन गेले. आई एका जाड मुळावर शांतपणे बसली होती. गुडघा धरला होता, म्हणून ती टेकली होती. हाक का मारली नाहीस, असे विचारले तर म्हणाली, "कशाला मारू? तुमचे आपले छान चालले होते ना." त्या उत्तराने मला घाबरण्यापेक्षाही अधिक वाईट वाटले. ज्या फेरीत आईला हाक मारावीशीसुद्धा वाटू नये, ती फेरी घरच्यांसोबतची कसली?

तळ्यावर हा प्रश्न निम्मा सुटतो. माझा अनुभव मुख्यतः करमळीचा आहे. जुने गोवे जवळ, रेल्वेस्थानक जवळ, त्यामुळे पोहोचायला तिन्हींत सोपे. नोव्हेंबरनंतर अडई बदकांचे थवे, पानांवरून चालणारे कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या हे सगळे काठावरून दिसते, आणि ज्याला चालवत नाही त्याला बसल्या जागी दिसते. कुडचडेचे नंदा तळेही असेच. ४२ हेक्टरांचे हे तळे २०२२ मध्ये गोव्यातले पहिले रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, ठरले. पावसाळ्यानंतर अडवलेल्या त्याच्या पाण्यावर खालची भातशेती होते, हे मुलांना दाखवावे, म्हणजे तळे केवळ पक्ष्यांसाठी नसते हे त्यांना कळते. घरात खरोखरच न चालू शकणारे माणूस असेल, तर माझ्या मते तळ्याला पर्याय नाही, आणि हे मी मनापासून सांगतो आहे.

तरीही तळ्याच्या काठाला एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला रस्त्यावरची वाहने असतात. धाकट्या मुलीचा हात एक क्षणही सोडता येत नाही, आणि सहा वर्षांच्या मुलीला तासभर हात धरून चालवणे ही तिलाही शिक्षा असते, धरणाऱ्यालाही. शिवाय पक्षी लांब असतात. आमच्याकडे दुर्बीण एकच आहे. ती तिच्या डोळ्यांना नीट लावून होईपर्यंत बदक उडालेले असते.

म्हणून गेली दोन वर्षे आम्ही बहुधा सड्यावर जातो. आम्ही पर्वरीला राहत असल्यामुळे सुकूरचा सडा आमच्या जवळचा, पण बहुतेक गावांच्या डोक्यावर असा एखादा सडा असतोच. जांभ्या दगडाचा हा सपाट कातळ मार्च-एप्रिलमध्ये इतका करपलेला असतो, की सगळे त्याला पडीक जमीनच समजतात. या समजुतीने सड्यांचे फार नुकसान केले आहे. आमचा सडासुद्धा घरांच्या रांगांनी कडेकडेने आक्रसत चालला आहे, आणि दर पावसाळ्यात आमची चालायची वाट थोडी आत सरकते. पावसाचे पाणी याच भेगाळ दगडातून खाली मुरते आणि पायथ्याच्या झरींना मिळते. सडा गेला तर गावाची झर राहील का, ही काळजी मला खरोखर वाटते.

श्रावणापासून सड्याचे रूप बदलते. दगडातल्या खळग्यांमध्ये बोटभर पाणी साचते, त्यात सीतेची आसवे निळीजांभळी फुलतात, कडेला गेंदांची पांढरी टोपणे उभी राहतात, आणि पुढे कवल्याची पिवळी फुले येतात. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात मुलगा एका खळग्याजवळ पोटावर झोपला आणि त्याने मला खाली बोलावले. दवबिंदूचे रोपटे होते, माझ्या करंगळीएवढे. पानाच्या प्रत्येक लाल केसावर एक चकाकणारा थेंब, आणि त्यातल्या दोन थेंबांमध्ये पाय अडकलेले एक चिलट. सड्याच्या मातीत नत्र फार कमी असते, म्हणून हे झाड किडे पकडून ते मिळवते, असे मी त्याला सांगितले. आई उभीच होती. छत्रीची सावली त्या रोपावर पडू नये म्हणून तिने ती बाजूला धरली आणि विचारले, "मग ते चिलट कळायच्या आत मरते का रे?" आम्हा पाचही जणांची डोकी त्या एका रोपावर होती. रानातल्या वाटेवर असे कधी घडले नव्हते, कारण तिथे पाचजणांना एका ठिकाणी उभे राहायला जागाच नसते.

सड्याचे दोष लपवण्यात अर्थ नाही. सावली मुळीच नसते, त्यामुळे ऑक्टोबरनंतर साडेनऊ वाजता खाली उतरावेच लागते, आणि होळीनंतर तिथे जाऊच नये. जुलैत कातळावर शेवाळ असते. आईला त्या महिन्यात आम्ही नेत नाही. ढग गडगडू लागले तर फुले सोडून सरळ परतावे, कारण त्या उघड्या पठारावर उंच असे आपणच असतो. सर्वांत मोठा धोका चिऱ्यांच्या सोडून दिलेल्या खाणींचा: त्यांच्या कडा सरळ तुटलेल्या असतात, पावसात त्या पाण्याने भरतात आणि वरून ते पाणी उथळ वाटते. मुलांना सोबत नेण्यापूर्वी एकदा एकट्याने जाऊन आपल्या सड्यावर अशी खाण कुठे आहे ते पाहून यावे आणि त्या बाजूला वळूच नये. उन्हाळ्याच्या तोंडाशी टिटवी उघड्या दगडावरच अंडी घालते, तेव्हा ती डोक्यावर ओरडत फिरू लागली तर वाट बदलावी.

हे सगळे सांभाळले, तर निदान ऑगस्टच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत तरी मी सड्याकडेच बोट दाखवीन. नोव्हेंबर ते फेब्रुवारी करमळी, आणि मुले दहा-बारा वर्षांची झाली की खोतीगाव. आमचा मुलगा आता त्या वयाला येतो आहे, तेव्हा पुढच्या वर्षी आम्ही दोघेच पुन्हा त्या वाटेने जाऊ.

बाकीच्यांसोबत आम्ही साडेसहाला निघतो, डब्यात पोळी-भाजी घेतो आणि नऊपर्यंत खाली येऊन चहा पितो. आई सड्यावरही सर्वांच्या मागेच असते. तिची निळी छत्री मात्र पठाराच्या दुसऱ्या टोकावरूनही दिसते.