होडीच्या आकाराचे शेल्फ आणि रंगाखाली झाकलेला माल

मुलांच्या खोलीत भिंतीवर लावायचे वेगळ्या आकाराचे शेल्फ करून घेताना फसवणुकीला जितका वाव असतो, तितका साध्या चौकोनी मांडणीत नसतो, असे माझे अनुभवाअंती मत झाले आहे. चौकोनी मांडणीची जाडी आणि कडा नजरेस पडतात. रॉकेट, झाड, ढग किंवा होडी म्हटले की वळणे येतात, वळणांवर पुट्टी येते, पुट्टीवर भडक रंग येतो आणि आतला माल कोणता हे सांगायला फक्त करणाऱ्याचा शब्द उरतो. आमच्या बाबतीत तो शब्द खोटा निघाला. ज्यांच्या मनात असे काही करून घ्यायचे आहे, त्यांच्यासाठी हा प्रकार तपशिलाने लिहीत आहे.

आम्हाला मुलीच्या खोलीसाठी होडी उभी करून भिंतीला टेकवल्यासारखे शेल्फ हवे होते: वर निमुळते टोक, दोन्ही बाजू बाकदार, मध्ये पुस्तकांसाठी आडव्या फळ्या. समाजमाध्यमावर अशाच कामाची छायाचित्रे दाखवणाऱ्या एका कारागिराशी बोलणे झाले. १८ मिलिमीटर जाडीचे चांगले प्लायवूड, बाकदार बाजूंना मुद्दाम वाकण्यासाठी बनवलेले प्लाय, शिसेविरहित रंग आणि भिंतीत पक्की बसणी, असे सर्व तोंडी ठरले. पुस्तके ठेवायची आहेत हेही त्याला स्पष्ट सांगितले होते आणि ‘खुशाल भरा’ असे त्याचे उत्तर होते. निम्म्याहून अधिक रक्कम आगाऊ घेतल्यावर त्याने काम अर्धवट अवस्थेत दाखवण्याचे मात्र काही ना काही कारणाने टाळले. कधी कार्यशाळेत धूळ होती, कधी रंग ओला होता. होडी घरी आली ती पूर्ण रंगवून, प्लास्टिकमध्ये गुंडाळूनच आली, आणि त्याच्या माणसाने ती इतक्या झटपट भिंतीवर चढवली की पाठीमागची बाजू आम्हाला नीट पाहताही आली नाही.

दिसायला ती देखणी होती हे मान्य करायला हवे. उचलताना जड लागत होती आणि ‘वजनावरूनच कळेल माल भरीव आहे’ असे तो माणूस म्हणाला. हे वाक्य लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण ते अर्धसत्य आहे. एमडीएफ म्हणजे लाकडाचा बारीक लगदा गोंदासह दाबून केलेली फळी. तिचे वजन प्लायवूडच्या बरोबरीचे, अनेकदा अधिकच असते. १८ मिलिमीटर जाडीचा एक चौरस मीटर एमडीएफ साधारण तेरा किलोच्या आसपास भरतो. वजनाचा आणि मजबुतीचा येथे काही संबंध नाही. प्लायवूडमध्ये पातळ थर एकमेकांना आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून ते वाकण्याला विरोध करते. एमडीएफमध्ये असे आडवे-उभे थरच नसल्यामुळे सततच्या भाराखाली ते हळूहळू झुकत जाते आणि भार काढला तरी पूर्ववत होत नाही.

काही काळातच मधल्या फळ्यांना झोळ आला आणि वरचे टोक भिंतीपासून बोटभर सुटलेले दिसले. खाली मुलगी खेळत असे, म्हणून होडी ताबडतोब उतरवली आणि ओळखीच्या एका जुन्या सुताराकडून ती उघडून घेतली. त्याने पटाशीने एका फळीच्या पुढच्या कडेची पट्टी सोडवली, तेव्हा आत १८ नव्हे तर १२ मिलिमीटरची एमडीएफ फळी निघाली. समोर फक्त जाड पट्टी चिकटवून ती १८ची भासवली होती. फरक दिसायला सहा मिलिमीटरचा असला, तरी फळीचा कडकपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे त्याच साहित्याची १२ मिलिमीटरची फळी तेवढ्याच भाराखाली १८च्या फळीपेक्षा तिपटीहून अधिक झुकते. त्यात एक मीटर लांब फळी पुस्तकांनी भरली की तिच्यावर वीस ते तीस किलो भार सहज येतो, आणि मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांचा गुळगुळीत कागद तर विशेष जड असतो.

बाकदार बाजूंची कथा निराळी. वाकणाऱ्या प्लायऐवजी एमडीएफच्या आतल्या अंगाला करवतीने एकमेकींलगत आडव्या खाचा पाडून ती वाकवली होती आणि खाचांमध्ये पुट्टी भरली होती. खाचा पाडून फळी वाकवणे ही सुतारकामातील मान्य रीत आहे. परंतु त्या खाचा गोंदाने भरून वरून अखंड थर चिकटवावा लागतो, तेव्हाच ती बाजू भार पेलते. येथे बाहेरचा जेमतेम दोन-तीन मिलिमीटरचा पापुद्रा आणि आतली ठिसूळ पुट्टी एवढ्यावरच सारे उभे होते. फळ्यांचे स्क्रू एमडीएफमध्ये आधी बारीक छिद्र न पाडता मारल्याने कडा फुगून चिरल्या होत्या, हे सुताराने न विचारताच दाखवले.

मला सर्वांत संतापजनक वाटली ती पाठ. होडीच्या मागे ३ मिलिमीटरचा हार्डबोर्ड स्टेपल पिनांनी ठोकलेला होता आणि भिंतीवर टांगण्यासाठी लावलेले हँगर, म्हणजे छायाचित्रांच्या चौकटींना लावतात तसले पातळ पत्र्याचे दातेरी हँगर, त्या हार्डबोर्डवरच बसवलेले होते. शेल्फचा आणि पुस्तकांचा सगळा भार अशा रीतीने स्टेपल पिनांवर आला होता. भिंतीतले स्क्रूही जेमतेम पंचवीस मिलिमीटरचे होते. गिलाव्याची जाडीच बहुधा बारा ते पंधरा मिलिमीटर असते, त्यामुळे असा स्क्रू बव्हंशी गिलाव्यातच अडकून राहतो आणि विटेत किंवा काँक्रीटमध्ये त्याची पुरेशी पकड बसत नाही. स्क्रू धरून ठेवण्यासाठी भिंतीच्या छिद्रात बसवतात ती गिट्टीसुद्धा छिद्रापेक्षा बारीक होती. ती बोटांनी ओढल्यावर निघून आली.

रंगाबाबत आम्ही डबा किंवा त्यावरची माहिती पाहायला मागितली, तेव्हा ‘डबा फेकला’ एवढेच उत्तर मिळाले. त्या रंगात शिसे होते असा दावा मी करत नाही, कारण त्याची चाचणी प्रयोगशाळेत करावी लागते. परंतु भडक पिवळ्या आणि लाल रंगांत शिशाची संयुगे वापरली जात आली आहेत. रंगातील शिशाची मर्यादा ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, असावी अशी आंतरराष्ट्रीय शिफारस आहे. आणि मुलांच्या रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. लहान मूल कडेला दात लावते, पोपडे तोंडात घालते. अशा वस्तूच्या रंगाचा डबा दाखवता येत नसेल, तर तो रंग मुलांच्या खोलीत नको. एमडीएफच्या उघड्या कडांमधून येणारा, डोळ्यांना झोंबणारा वासही तसाच दुर्लक्षिला जातो. तो फळीच्या गोंदातून सुटणाऱ्या फॉर्माल्डिहाइड वायूचा असू शकतो, ज्याला कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ मध्ये माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. हा वायू किती सुटतो त्यावरून फळ्यांचे वर्ग पाडलेले असतात; ई१ किंवा त्याहून कमी उत्सर्जनाच्या वर्गाची फळी मागता येते, आणि मागावी.

पैसे परत मागितल्यावर त्या कारागिराने जे दाखवले, त्यावरून हा प्रकार निष्काळजीपणाचा नसून योजनेचा होता याची मला खात्री पटली. पावतीवर ‘शोभेची वस्तू, एक नग’ एवढेच लिहिले होते. साहित्य नाही, जाडी नाही, भार नाही, बसणीची पद्धत नाही. शोभेच्या वस्तूवर पुस्तके ठेवली हा तुमचा दोष, असे त्याचे म्हणणे. ‘खुशाल भरा’ हे शब्द कागदावर कोठेच नव्हते. पुढे त्याची छायाचित्रे इंटरनेटवर चित्रावरून शोधली, तेव्हा त्यातली निम्मी अन्य विक्रेत्यांच्या पानांवर आधीपासून असल्याचे आढळले.

त्यामुळे काम देताना साहित्याचे नाव, प्रत्येक फळीची जाडी, एका फळीवर किती किलो भार चालेल आणि भिंतीला पकड कशी दिली जाईल, हे पावतीवरच लिहून घ्यावे. छायाचित्रे मागायची तर रंगाआधीची, पाठीमागच्या बाजूसह मागावीत; ज्याने ते काम खरोखर केले आहे त्याच्याकडे ती असतात. शेवटचा मोठा हप्ता रंगापूर्वी वस्तू प्रत्यक्ष पाहिल्यानंतरच द्यावा. कडेला पट्टी लावण्याआधी प्लायवूडचे थर स्पष्ट दिसतात, एमडीएफची कड मात्र सलग तपकिरी दिसते; हे ओळखायला सुतार असावे लागत नाही. यावर कारागीर कुरकुर करेल. प्रामाणिक असेल तर कुरकुर करूनही दाखवेल.

आमचे पैसे मिळाले नाहीत. त्या जुन्या सुताराने होडीचा आकार तसाच ठेवून १८ मिलिमीटर प्लायवूडमध्ये नवा सांगाडा केला आणि तिरक्या कापाच्या दोन पट्ट्या एकीत एक अडकतील अशा बसवल्या: एक सांगाड्याच्या मागे, दुसरी भिंतीत लांब स्क्रूंनी. खालच्या टोकालाही दोन स्क्रू घातले, म्हणजे मुलीने लोंबकळायचा प्रयत्न केला तरी पट्टी उचकटणार नाही. जुन्या होडीतून नव्या कामात वापरता येईल असे त्याला काहीच सापडले नाही.