घरगुती ठिबकचा तयार संच: गच्चीवरच्या टाकीवर कितपत चालतो?

घराचं वाढकाम उरकून अंगणात नव्याने बाग करणाऱ्यांनी खोक्यात मिळणारा ठिबक संच घ्यायला हरकत नाही. मात्र त्यातले दोन भाग बहुधा बदलावे लागतात: लाल टोपीचे कमी-जास्त करता येणारे ड्रीपर (झाडाशी थेंब-थेंब पाणी सोडणारी तोंडं) आणि टाइमर. नळी, टी, एल्बो, जॉइनर, एंड कॅप हे सगळं ठीक असतं. खरी अडचण दाबाची आहे.

बरेचसे संच नळाला चांगला दाब आहे असं धरून बनवलेले असतात. आपल्याकडे बाग चालते टाकीवर. १० मीटर उंचीवरच्या पाण्याचा दाब साधारण १ किलो (दर चौरस सेंटिमीटरला). एकमजली घराच्या गच्चीवरची टाकी अंगणापासून ५-६ मीटर उंच, म्हणजे हाती येतो अर्धा किलो, आणि त्यातलाही थोडा फिल्टर खातो. एवढ्याशा दाबावर लाल टोपीचे पहिले चार-पाच ड्रीपर सगळं पाणी ओढून घेतात आणि शेवटच्या जास्वंदीला थेंब मिळत नाही. टोप्या पिळून एकदा जुळवलं तरी झाडताना नळीला धक्का लागला की पुन्हा बिघडतं. यावर उपाय म्हणून पीसी ड्रीपर (दाब कमी-जास्त झाला तरी सारखंच पाणी देणारे) सुचवले जातात, पण त्यांचा आतला रबरी पडदा नीट काम करायलाच बहुतेक वेळा अर्धा ते एक किलो दाब लागतो.

त्यापेक्षा कृषी सेवा केंद्रात सुटे मिळणारे, उघडून धुता येणारे ४ लिटरचे साधे ड्रीपर घ्यावेत. १६ मिमीच्या लॅटरलला, म्हणजे झाडांजवळून जाणाऱ्या नळीला, पंचने भोक पाडून ते थेट दाबून बसवायचे. ४ मिमीची बारीक नळी लागलीच तर मीटरभराच्या आत ठेवा आणि काळीच घ्या; पारदर्शक नळीत शेवाळ धरतं. ४ लिटरचा ड्रीपर १ किलो दाबाला ताशी ४ लिटर देतो, अर्ध्या किलोला पावणेतीनच्या आसपास. म्हणून पाकिटावरच्या आकड्यावर वेळ ठरवू नका. पहिल्या आणि शेवटच्या ड्रीपरखाली भांडं ठेवा, १५ मिनिटांत साचलेलं पाणी मोजा आणि चौपट करा, म्हणजे ताशी आकडा मिळतो. दोन्हींत मोठा फरक आला तर एका लांब लाइनऐवजी दोन लाइनी काढा.

टाइमर घेताना आत कोणता व्हॉल्व्ह आहे ते विचाराच. सोलेनॉइडचा (विजेच्या चुंबकावर चालणारा) व्हॉल्व्ह बऱ्याचदा दाबाशिवाय उघडत नाही किंवा नीट बंद होत नाही. आवाजावरून ओळखता येतं: सोलेनॉइड ‘टक्’ करून थांबतो. बॉल व्हॉल्व्हची मोटर काही सेकंद घरघरते. टाकीसाठी बॉल व्हॉल्व्हचाच घ्यावा, खोक्यावर किमान दाब ० लिहिलेला. त्याचाही एक धोका आहे. व्हॉल्व्ह उघडा असताना सेल संपले तर तो उघडाच राहतो आणि सकाळपर्यंत टाकी रिकामी होते. गावाला जाण्याआधी सेल नवे घाला. बागेची लाइन टाकीच्या तळापासून नव्हे, थोडी वरून वेगळी काढली तर गाळही येत नाही आणि घरापुरतं पाणीही टाकीत शिल्लक राहतं.

संचातला अंगठ्याएवढा फिल्टर बोअरच्या पाण्याला पुरत नाही. १२० मेशचा जाळीचा फिल्टर वेगळा बसवा, जाळी दर पंधरवड्याला धुवा आणि एंड कॅप उघडून पाणी मिनिटभर जोरात सोडा. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरे क्षार दिसू लागले की ड्रीपर काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. पिनने टोकरू नका; भोक मोठं होतं आणि तो ड्रीपर कायमचा जास्त पाणी देतो.

आता वाढकाम झालेल्या अंगणाचं. पेव्हर ब्लॉक बसण्याआधीच त्यांच्याखालून एक इंची पीव्हीसी पाइप आडवे टाकून घ्या, म्हणजे लॅटरल त्यातून ओवता येते. नाहीतर नळी पेव्हरवरून जाते आणि पायात अडकते. त्याहून महत्त्वाची माती. गवंडीकामाचा राडारोडा वरून चार इंच मातीने झाकलेला असेल तर ठिबकचं पाणी विटांच्या तुकड्यांतून सरळ खाली जातं, मुळांशी वाफसा (हवा आणि ओल यांचा मेळ) येतच नाही. शिवाय सिमेंट-चुन्यामुळे पानं पिवळी पडतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. तिथे पाणी वाढवून काही उपयोग नाही. फूटभर खड्डा करून पाण्याने भरून पाहा. पाणी दोन-चार मिनिटांत गडप झालं तर खाली डबर, म्हणजे तोच राडारोडा, असण्याची शक्यता मोठी. निदान दीड फूट उकरून ते बाहेर काढा आणि पोयटा (गाळाची सुपीक माती) व कुजलेलं शेणखत ३:१ प्रमाणात भरा.

ड्रीपरची जागाही मातीवर ठरते. काळ्या मातीत ओल बाजूला पसरते, लहान झुडपाला एक पुरतो. मुरमाड जमिनीत ओल खाली उतरते, म्हणून दोन लावा. लिंबाला ड्रीपर खोडाशी कधीच नको, तिथे सतत ओल राहिली तर डिंक्या (खोडातून डिंक गळण्याचा रोग) होतो. फांद्यांचा घेर संपतो तिथे दोन बाजूंना लावा. लॉनला मात्र हा संच चालत नाही, तिथे पाइप किंवा फवारा हवा.

नळी पाचोळ्याखाली दाबून ठेवा. उन्हाळ्यात खारी उघडी नळी कुरतडतात, त्यासाठी दोन-चार जॉइनर जवळ असू द्या. जूनमध्ये पाऊस लागला की टाइमर काढून, सेल बाहेर काढून घरात ठेवा, आणि ऑक्टोबरमध्ये परत जोडण्याआधी लाइन दोन्ही टोकांनी धुऊन घ्या.