मागचं चाक काढलं आणि पावसाळा वाचला: ट्रेनरचा आठ महिन्यांचा अनुभव

जूनच्या पहिल्या आठवड्यात डायरेक्ट ड्राइव्ह ट्रेनर घेतला, म्हणजे आपली सायकल बसवून घरातच चालवायचं यंत्र. नाशिकचा पाऊस, रस्त्यावरचे खड्डे आणि घाटातलं धुकं यांमुळे दर पावसाळ्यात माझी सायकल चार महिने भिंतीला टेकून असायची आणि ऑक्टोबरात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. यंदा तसं झालं नाही. नोव्हेंबरात २०० किलोमीटरची बीआरएम (ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकलफेरी) केली, साडेतेरा तासांच्या मुदतीत दोन तास हाताशी राखून. पैसे वसूल झाले, हे आधीच सांगते.

पण घेण्याआधी एक गोष्ट कळायला हवी होती. या प्रकारच्या ट्रेनरवर मागचं चाक लागतच नाही. चाक काढून फ्रेम थेट ट्रेनरवर बसवायची आणि साखळी ट्रेनरच्या कॅसेटवर, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या संचावर चढवायची. म्हणजे कॅसेट वेगळी घ्या, ती बसवायचा पाना वेगळा घ्या. माझ्या सायकलला शिमानो सोरा गिअरसंच आहे, मागे नऊ गिअरचा. ट्रेनरचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट जिच्यावर सरकवतात ती नळी, अकरा गिअरच्या मापाचा. कॅसेट बसवली, कॅसेट धरून ठेवणारं लॉकरिंग जीव खाऊन आवळलं, तरी चकत्या हाताला खुळखुळ लागत होत्या. दोन संध्याकाळी त्यात गेल्या. कॅसेटच्या आधी १.८५ मिलिमीटरचा स्पेसर (जागा भरणारी पातळ कडी) सरकवायचा असतो, आणि तो खोक्यातच माहितीपत्रकाखाली एका छोट्या पुडीत पडून होता! खोकं फेकण्याआधी प्रत्येक पुडी उघडून बघा.

चाक काढायला सुरुवातीला वीस मिनिटं लागायची आणि कोपरापर्यंत हात काळे व्हायचे. आता दोन मिनिटांत होतं, कारण क्रम पक्का बसलाय. आधी साखळी सगळ्यात लहान चकतीवर आणायची. मग ब्रेकच्या कॅलिपरवरची (चाकाला धरणाऱ्या चिमट्यावरची) छोटी कळ उघडायची, नाहीतर टायर ब्रेकच्या रबरांत अडकतं. चाक आवळून धरणारं क्विक रिलीज सैल करायचं, एका हाताने डिरेलर (साखळी चकत्यांवर सरकवणारा भाग) मागे ओढायचा, दुसऱ्या हाताने सीट उचलायची. चाक आपसूक खाली येतं. ओढाताण करावी लागली तर काहीतरी राहिलंय असं समजा.

परत बसवताना सायकल जमिनीवर सरळ उभी ठेवा आणि सीटवर हाताने भार द्या, म्हणजे अॅक्सल (चाकाचा आस) खाचेत पूर्ण बसतो. क्विक रिलीजची दांडी अर्ध्या वाटेवर आली की जोर लागायला हवा, आणि बंद केल्यावर तळहातावर तिचा वळ उमटायला हवा. ऑगस्टमधल्या एका उघडिपीच्या सकाळी मी घाईत चाक बसवलं आणि ब्रेकची ती छोटी कळ उघडीच राहिली. सोसायटीच्या उतारावर ब्रेक दाबला तर तो थेट हँडलला टेकला. पुढच्या ब्रेकने सावरलं, पण हात थरथरत होते. तेव्हापासून गेटच्या आत दोन्ही ब्रेक दाबून बघितल्याशिवाय मी सायकलवर बसत नाही. तुम्हीही बसू नका.

चाक आणि ट्रेनर बदलला की गिअर थोडे कुरकुरतात. डिरेलरच्या केबलवरचा बॅरल अॅडजस्टर (केबलचा ताण कमी-जास्त करायची छोटी गोल चकती) पाव-अर्धा फेरा फिरवला की आवाज थांबतो.

आवाजाचं म्हणाल तर ट्रेनर स्वतः शांत आहे, पण त्याची थरथर स्लॅबमधून खाली जाते. खालच्या काकू एकदा वर आल्या आणि म्हणाल्या, "पहाटे पाचला घरघर कसली गं येते?" फार वाईट वाटलं. दुसऱ्याच दिवशी जाड रबरी मॅट आणली आणि वेळ साडेसहाची केली. नंतर त्यांना स्वतः जाऊन विचारलं, आता येत नाही म्हणाल्या.

घामाकडे मात्र मी दुर्लक्ष केलं, आणि तेच महागात पडलं. छताचा पंखा अजिबात पुरत नाही. समोर उभा पंखा हवाच. टॉवेल न टाकता महिनाभर चालवली आणि हँडल सायकलला जोडणाऱ्या स्टेमचे बोल्ट गंजले, ते बदलावे लागले. आता हँडलवर टॉवेल असतो, आणि उतरल्यावर फ्रेम ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसते.

वीज गेली की रेझिस्टन्स, म्हणजे पेडलला होणारा विरोध, एकदम नाहीसा होतो आणि पाय हवेत फिरतात. जोर लावून उभं राहून पेडल मारत असाल तर तोल जाऊ शकतो. मी अॅडॉप्टर इन्व्हर्टरच्या पॉइंटवर टाकलाय. अर्ग मोडमध्ये, म्हणजे ठरावीक ताकद लावायला लावणाऱ्या सेटिंगमध्ये, ट्रेनर ठरवलेले वॅट सोडत नाही. पाय मंदावले की पेडल आणखी जड होतं. तिथे हट्टाने रेटू नका, दोन मिनिटं मोड बंद करा आणि लय सापडली की पुन्हा लावा. कॅलिब्रेशनही (ट्रेनरचे आकडे अचूक जुळवून घेणं) दहा मिनिटं चालवून ट्रेनर तापल्यावरच करते, थंड असताना आकडे वेगळे येतात.

रोज बाहेर जाणाऱ्यांना हे चाक काढणं-घालणं आठवडाभरात नकोसं होईल. त्यांनी चाकासकट बसणारा रोलरचा ट्रेनर बघावा, मात्र त्यावर टायर लवकर झिजतं. माझं मागचं चाक पावसाळाभर बाल्कनीतल्या खुंटीवर असतं. काढून आणलं की आधी हवा बघते, कारण दोन आठवड्यांत ती बरीच उतरलेली असते.